गिऱ्हाईकाचा कपडा

माणूस गेलं की त्याचे किस्से वाढायला लागतात. अक्का होती तेव्हा तिचे जेवढे किस्से होते त्याच्या दुप्पट आता झालेत. जयनगरच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण एखादा तरी घेऊनच येतो आणि कॉफी संपेपर्यंत सांगतो. परवा एक जण म्हणाला, तिला स्टेजवर पहिल्यांदा मी उभं केलं. त्याच दुपारी दुसरा आला, तोही तेच म्हणाला. मी दुसऱ्याची कॉलर धरणार होतो, पण आई म्हणाली, "बसू दे रे त्याला. तेवढंच तिचं नाव निघतंय."

पेपरवाल्यांनी तर कहर केला. हेमप्रभाला बापानं घराबाहेर काढलं, ती स्टेशनवर उपाशी झोपली, असं छापून मोकळे झाले. हेमप्रभा हे तिचं पिक्चरमधलं नाव. घरी ती गोदू, आणि माझी अक्का. उपाशी ती झोपलेली आहे, पण घरात, आमच्या सगळ्यांच्या शेजारी. अप्पांनी तिला कधी बाहेर काढलं नाही. ते तिच्याशी रोज बोलायचे, तिच्या हातचं जेवायचे. फक्त तिचा पिक्चर बघायचे नाहीत. एकही पाहिला नाही.

अक्काला मोटार मिळाली, आम्ही सगळे राहतो तो जयनगरचा बंगला मिळाला, रस्त्यानं जाताना लोक काचेला तोंडं लावायचे. तिला मात्र अजून एकच हवं होतं. अप्पांनी एकदा येऊन बसावं आणि तिला पडद्यावर बघावं. ती गेली त्याला अजून वर्ष व्हायचंय. तिची चप्पल दाराशी तशीच आहे आणि ती कुणी हलवली की मी भांडतो. शाळेत मी फार टिकलो नाही, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय याचा हिशोब मला नीट जमत नाही. पण माझ्याकडचे किस्से खरे आहेत. अप्पांपासूनच सुरू करतो.

* * *

आम्ही शिंपी. आजोबा अथणीकडून बेंगळुरात आले आणि पेठेतल्या एका गल्लीत मशीन टाकून बसले. त्याच मशीनवर नंतर अप्पा बसले. एकच खोली होती. दिवसा ती दुकान, संध्याकाळी कापडं गुंडाळून ठेवली की घर. काम असलं की भात, नसलं की नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, आणि तेही नसले की आई आम्हाला लवकर निजवायची.

अक्का लहानपणापासून काजं करायची. शर्टाची, कोटाची, पोलक्याची. अप्पांची तपासायची एक पद्धत होती. ते चष्मा नाकावर ओढायचे आणि कपडा हातात आला की पहिल्यांदा उलटा करायचे. वरून छान दिसतंय की नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. उलट्या बाजूवरून अंगठा आणि बोट फिरवायचे, दोऱ्याची गाठ कुठे लागते का बघायचे, मग चष्मा कपाळावर सरकवायचे आणि एक शब्द बोलायचे. काम पसंत असलं तर कानडीत "सरी". नसलं तर मराठीत "उसव".

अक्काला त्यांनी जन्मात "सरी" म्हटलं नाही. प्रत्येक वेळी उसव. ती रडायची नाही. ब्लेड घ्यायची, उसवायची आणि परत घालायला बसायची.

शेजारच्या दुकानातले विठूकाका एकदा तिची बाजू घेऊन म्हणाले, "अरे, पोर केवढी, काम केवढं! एकदा सरी म्हण की. तुझ्या तोंडाला काय टाके पडलेत?"

अप्पा म्हणाले, "आज सरी म्हटलं तर उद्या हात थांबेल."

विठूकाका माझ्याकडे वळून म्हणाले, "देवानं स्वतःचा अंगरखा दाखवायला आणला ना, तरी तुझा बाप उलटा करून बघेल."

* * *

एके वर्षी एका नाटक कंपनीचा कँप आमच्या गल्लीपासून जवळच पडला होता. राजा, राणी, दासी, राक्षस, सगळ्यांचे कपडे अप्पांकडे आले. आम्ही तेव्हा रोज भात खात होतो.

एका संध्याकाळी अक्का दासीचं परकर-पोलकं पोचवायला थिएटरात गेली. दासीचं काम करणारी मुलगी तापानं फणफणली होती. मॅनेजर डोक्याला हात लावून बसला होता. अक्कानं रोज कपडे पोचवता पोचवता विंगेतून ते नाटक इतक्यांदा बघितलं होतं की दासीचंच काय, राक्षसाचंही भाषण तिला पाठ होतं. मॅनेजरनं तिच्या हातातलं परकर-पोलकं तिलाच घालायला लावला आणि तिला पुढे ढकललं.

अप्पा तेव्हा विंगेत राजाच्या शेल्याला टाके घालत बसले होते. त्यांनी मान वर केली तर समोर दिव्यांच्या उजेडात आपली पोर. तिचं भाषण झालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दासीला टाळ्या कंपनीत पूर्वी कधी पडल्या नव्हत्या. मॅनेजर आनंदानं नाचत अप्पांकडे आला.

अक्का आत आली तेव्हा अप्पांनी विचारलं, "गोदू, गिऱ्हाईकाचा कपडा अंगात घातलास?"

इथे तुम्हाला आमची रीत सांगायला पाहिजे, नाहीतर कळायचं नाही. शिंप्यानं गिऱ्हाईकाचा कपडा अंगाला लावायचा नाही. घरात लग्न असो, थंडीनं दात वाजत असोत, खुंटीला दहा कोट लटकत असोत. विठूकाकांच्या भावानं एकदा गिऱ्हाईकाचा कोट घालून स्वतःच्या लग्नाची मिरवणूक काढली होती. गिऱ्हाईक नेमकं त्याच लग्नाला आलं. त्यानंतर त्या भावाच्या दुकानात कुणी चिंधीसुद्धा शिवायला टाकली नाही.

मॅनेजरनं तिला कंपनीत मागितली. आईला वाटलं, अप्पा आता मशीन उचलून फेकतील. पण ते शांत होते. म्हणाले, "जाऊ दे तिला. आवाज चांगला आहे, दोन वेळा जेवेल. पण दुसऱ्याच्या कपड्यातली पोर मी बघणार नाही."

सगळ्यांना वाटलं हा राग आहे, उतरेल. मलाही तसंच वाटलं होतं.

* * *

केशवय्या नावाच्या डायरेक्टरनं तिला कंपनीत बघितलं आणि पिक्चरमध्ये घेतलं. पहिलं काम हिरॉइनच्या मैत्रिणीचं. हळूहळू मैत्रिणीची बहीण झाली, बहिणीची हिरॉइन झाली. शूटिंग कधी बेंगळुरातच असायचं, पण बरेचदा मद्रासला जावं लागायचं. सोबतीला मी. मी तेव्हा मोठा झालो होतो, दुकानात अप्पांशी पटत नव्हतं आणि हात सारखे शिवशिवायचे. घरात मला तम्मा म्हणतात, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. अक्का म्हणायची, तम्मा, तुझे हात माझ्यासारखेच, फक्त तुझ्यात सुई नाही.

तिचे हात खरंच रिकामे राहायचे नाहीत. पहिल्यांदा हिरॉइन झाली त्या पिक्चरमधली गोष्ट. बागेतला सीन. हिरो तिला म्हणतो की तुझ्यावाचून मला जगता येणार नाही, आणि तिनं त्याच्या डोळ्यांत बघायचं. केशवय्या सारखे कट म्हणायचे. ती नजर खाली घालत होती. लाजते आहे असं समजून त्यांनी तिला बाजूला नेऊन समजावलं. परत शॉट, परत नजर खाली.

शेवटी केशवय्यांनी विचारलं, "अम्मा, तिथे खाली काय आहे?"

अक्का म्हणाली, "सर, दुसरं बटण लोंबतंय. पडेल."

हिरो ओशाळला. तिनं कनवटीची सुई काढली, त्याला तिथेच उभा ठेवून बटण पक्कं केलं, दोरा दातानं तोडला आणि मग त्याच्या डोळ्यांत असं बघितलं की शॉट एकदम ओके झाला.

पुढच्या पिक्चरला त्या हिरोनंच तिचं नाव सुचवलं. लोक काय काय बोलले. मला खरं कारण माहीत होतं. साहेब जाड झाले होते आणि त्यांचे सगळे कोट सैल करायचे होते.

* * *

नाव झाल्यावर अक्कानं अप्पांना पिक्चरला न्यायचा चंग बांधला. पहिली युक्ती तिनं फार विचार करून काढली. प्रोड्युसरला सांगून स्वतःच्या सगळ्या कपड्यांचं काम अप्पांना मिळवून दिलं. आता दुसऱ्याच्या कपड्यातली पोर म्हणायला जागाच उरणार नव्हती. कपडे बापाचेच.

माप द्यायला ती स्वतः दुकानात आली. मोटार गल्लीत शिरेना, म्हणून तोंडाशी उभी करून चालत आली. गल्ली सगळी गोळा झाली. अप्पांनी मान वर न करता सांगितलं, "मापाचं पोलकं दे." पोटच्या पोरीला. बाकीच्या बायकांना सांगत तसंच.

कपडे सुंदर झाले. ते न्यायला आली तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, आता तुमच्याच हातचं घालतेय. आता या की बघायला."

"कापड कुणाचं?" अप्पांनी विचारलं.

"प्रोड्युसरचं."

"मग गिऱ्हाईक तो. तू कोण?"

ती गाडीत बसेपर्यंत हसत होती. गाडीत बसल्यावर हसली नाही. मी म्हणालो, मी अप्पांना उचलून थिएटरात आणून टाकतो. ती म्हणाली, "उचलून आणलेला माणूस डोळे मिटून बसेल, तम्मा."

* * *

अप्पा पिक्चर बघत नाहीत याचा मला एकदा फार त्रास झाला.

मॅजेस्टिक भागातल्या एका थिएटरात मी अक्काचा पिक्चर बघत होतो. मागच्या खुर्चीतला एक माणूस तिच्याबद्दल काहीतरी पुटपुटला. मला अर्धंच ऐकू आलं. उरलेलं अर्धं मी मनानंच धरलं आणि वळून त्याला एक ठेवून दिली. मग कळलं की तो तिच्या अभिनयाचं कौतुक करत होता, आणि तो पिक्चरचा डिस्ट्रिब्युटर होता.

पोलीस ठाण्यात मी सांगितलं की मी हेमप्रभाचा भाऊ. इन्स्पेक्टर म्हणाले, आज तू तिसरा. तिचा भाऊ असल्याचा काही पुरावा? माझ्याकडे कसला पुरावा असणार. मी अप्पांना बोलावणं पाठवलं. अप्पा गळ्यातल्या टेपासकट आले.

इन्स्पेक्टरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि तिचे पिक्चर एकेक करून विचारायला सुरुवात केली. ते स्वतः तिचे मोठे भक्त होते. हा पाहिलात? नाही. तो? नाही. तो तरी? तोही नाही. इन्स्पेक्टरांचा चेहरा बदलत गेला.

"हेमप्रभाचा बाप, आणि तिचा एकही पिक्चर पाहिला नाही?" ते म्हणाले. "अहो, माझ्या म्हशींचं दूध काढणाऱ्यानं सगळे पाहिलेत. दोघंही आत बसा."

अक्का शूटिंगवरून धावत आली. तोंडाला रंग तसाच, कपाळावर मुकुटाचा वळ. ठाण्यातले सगळे ताडकन उभे राहिले. कोठडीतले दोघं चोरसुद्धा उठले. अप्पा एकटे बसून होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

इन्स्पेक्टर मला म्हणाले, "जा. आता पटलं. हा बापच आहे."

* * *

दुसरी युक्ती रंगप्पाच्या टेंटची. यशवंतपूरच्या मोकळ्या मैदानात रंगप्पाचा टेंट सिनेमा होता. पुढे वाळू, मध्ये बाकं, मागे थोड्या खुर्च्या आणि समोर दोन बांबूंना ताणलेला पांढऱ्या कापडाचा पडदा. वाऱ्यानं तो पडदा मधोमध फाटला. रंगप्पा अक्काकडे आला, कारण तिचाच पिक्चर लागणार होता. अक्काचे डोळे चमकले. ती म्हणाली, आमच्या अप्पांना सांगा. मात्र संध्याकाळी बोलवा, खेळाच्या थोडं आधी.

अप्पा गेले. बरोबर मी होतो. त्यांनी फाटलेला पडदा बांबूवरच शिवायला घेतला. पुढून एक टाका, मग कडेनं पडद्यामागे जाऊन बघणार, परत पुढे. रंगप्पा म्हणाला, "अण्णा, मागून कोण बघणार आहे? स्वल्प इकडे तिकडे झालं तर चालतंय." अप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो तिकिटं फाडायला निघून गेला. त्यांची शिवण होईतो टेंट भरला होता. ते शेवटची गाठ मारून वळले आणि दिवे गेले.

बाहेर जायला वाट नव्हती. अक्कानं रंगप्पाला तशीच ताकीद दिली होती. तिचा आवाज सुरू झाला. मी अप्पांकडे बघत होतो. ते खाली वाळूवर बसले, पहिल्या रांगेच्याही पुढे. पण पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून. पूर्ण खेळ ते तसे बसून होते. जवळची माणसं आधी हसली, मग वैतागली, मग विसरून गेली.

घरी अक्का वाट बघत होती. ती दारातच उभी राहिली. अप्पा हातपाय धुऊन आले आणि म्हणाले, "गोदू, लोक रडत होते. पुढच्या रांगेतला एक हमाल तर टॉवेलात तोंड घालून रडला."

"तुम्ही नाही बघितलं?"

"लोकांकडे बघितलं की," अप्पा म्हणाले.

* * *

तिसरी युक्ती ही युक्ती नव्हतीच. ते आपोआप झालं.

केशवय्यांचा नवा पिक्चर होता. त्यात ती एका गरीब विधवेचं काम करत होती. त्यात सावकार तिचा पदर ओढतो, खांद्यावर पातळ फाटतं आणि ती उठून त्याला भर चौकात सुनावते. कपडेवाल्यानं कोरं पातळ आणून चहाच्या पाण्यात बुडवलं होतं. ते काही जुनं दिसेना. अक्का म्हणाली, माझ्याकडे आहे. आईनं तिला कंपनीत जाताना दिलेलं, नेसून नेसून विरलेलं इरकली पातळ तिनं ट्रंकेतून काढलं.

सावकारानं पदर ओढला, पातळ फाटलं, शॉट ओके झाला. मग जेवणाची सुट्टी. जेवणानंतर तिचं लांबलचक भाषण घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेट उतरवला. मद्रासहून फिल्म धुऊन आल्यावर केशवय्यांनी बघितलं तर सावकार पदर ओढतो, पातळ टर्रकन फाटतं, आणि पुढच्याच शॉटमध्ये विधवा उठून उभी राहते ती धडधाकट पातळात.

अक्कानं जेवणाच्या सुट्टीत रफू करून टाकला होता. त्याच पातळाच्या काठातून दोरे ओढून काढून, विणीत वीण घालून. असिस्टंट तिच्या शेजारी बसून दहीभात खात होता. त्याच्या डोळ्यांदेखत रफू झाला आणि त्यालाही दिसला नाही.

केशवय्या फार चिडले. आणि त्यांचं चुकलं नव्हतं. एवढ्या भारी सीनची वाट लागली होती. "अम्मा, का केलंस?" असं त्यांनी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की आईनं दिलेलं होतं, फाटलेलं बघवेना, हाताला कळलंच नाही. परत शूटिंग करायला सेट राहिला नव्हता. सीन तसाच ठेवला.

गाडीत मला म्हणाली, "तम्मा, हे अप्पांना सांगू नकोस. रफू त्यांना दिसतो का बघू."

"ते येणार कुठे आहेत बघायला?"

 त्या संध्याकाळी ती पेठेत गेली, मशीनसमोर जमिनीवर बसली, लहानपणी काजं करायला बसायची तिथेच. म्हणाली, "अप्पा, या पिक्चरमध्ये माझंच पातळ आहे. आईनं दिलेलं. कंपनीचं नाही, प्रोड्युसरचं नाही."

अप्पांनी मशीनचं चाक थांबवलं.  मग म्हणाले, "बरं. बघू."

तुम्हाला हा साधा शब्द वाटेल. मी अक्काला त्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंत पळताना बघितलं. हेमप्रभा पेठेतून पळतेय म्हणून लोक तिच्यामागे पळत होते.

* * *

पिक्चर लागायच्या आधीच ती गेली. कावीळ झाली. मोठमोठे डॉक्टर झाले, कुणाचं काही चाललं नाही. मी एका डॉक्टरच्या अंगावर धावून गेलो, त्यानंही काही झालं नाही. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

जयनगरचा रस्ता माणसांनी भरला होता. प्रोड्युसरनं अंगावर घालायला भारी जरीचं पातळ पाठवलं. माणूस ते दोन्ही हातांवर घेऊन आला. अप्पा दारात उभे होते.

"कुणाचं?" त्यांनी विचारलं.

माणसानं नाव सांगितलं. अप्पांनी हात जोडले आणि ते परत दिलं. मग आईला म्हणाले, "तिचं स्वतःचं काढ."

आईनं ट्रंक उघडली. वरच ते इरकली होतं. तेच नेसवलं, आणि ती त्याच पातळात गेली. त्या गर्दीत कापड उलटं करून बघायचं अप्पांना कसं सुचणार? आणि मला रफूची आठवण झाली ती सगळं विझल्यावर.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा मशीनवर बसले. विठूकाका म्हणाले, चार दिवस थांब. अप्पा म्हणाले, गिऱ्हाईकं खोळंबलीत.

* * *

पिक्चर मॅजेस्टिकला लागला. पोस्टरवर तिच्या फोटोला हार घातला होता. पेठेतले सगळे शिंपी एकदम बघून आले. त्यांना तो सीन कळला. बाकीचे प्रेक्षक म्हणत होते पातळ बदललं, डायरेक्टर झोपला होता. शिंप्यांच्या रांगेतून म्हणे एकच आवाज उठला, "गोदूनं रफू मारला!" पण विठूकाकांना मी शपथ घातली होती. अप्पांना कुणी सांगितलं नाही.

मी अप्पांना रोज चला म्हणायचो. ते मान खाली घालून शिवत राहायचे. मी ओरडलो, रडलो, एकदा कात्री फेकली. मॅजेस्टिकचा खेळ उतरला.

मग पिक्चर यशवंतपूरला रंगप्पाच्या टेंटमध्ये आला. त्या दिवशी अप्पांनी दुपारीच मशीनवर कापड झाकलं. म्हणाले, "त्या पडद्याची शिवण कशी राहिलीय ते बघून यायला पाहिजे. चल."

रंगप्पानं खुर्च्या पुसून दिल्या. आम्ही खुर्चीवर बसलो, पडद्याकडे तोंड करून. दिवे गेले. अप्पांचे हात मांडीवर होते. अक्का पडद्यावर आली तेव्हा त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि नंतर हलले नाहीत. तिची झोपडी गेली, नवरा गेला, ते बघत राहिले. मी त्यांच्याकडेच बघत होतो.

सावकारानं पदर ओढला. खांद्यावर पातळ फाटलं. अप्पांच्या तोंडून बारीक "च्च" आलं.

मग अक्का उठून उभी राहिली आणि बोलायला लागली.

अप्पांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला.

"तम्मा, पातळ बदललं का?"

"नाही अप्पा. तेच आहे."

"फाटलं होतं."

"हो."

ते पुढे वाकले, डोळे बारीक केले. मग उठले. बाकांमधून वाट काढत ते पडद्याकडे चालायला लागले. वाळूवरची माणसं ओरडायला लागली, ए अज्जा, खाली बस. त्यांची सावली अक्काच्या पायाशी पडली. रंगप्पा धावला, त्यांना ओळखलं आणि उलटा लोकांकडेच वळून तोंडावर बोट ठेवलं. अप्पा पडद्याच्या कडेनं मागे गेले.

मी पळत त्यांच्यामागे गेलो. मागे नुसतं गवत आणि बांबूच्या दोऱ्या. पडद्यातून उजेड झिरपत होता आणि त्यात अक्का होती, एवढी मोठी, उलटी. फाटलेला खांदा आता दुसऱ्या बाजूला आला होता. अप्पा पडद्याला नाक लावून उभे होते. हात वर करून त्यांनी तो खांदा गाठला होता आणि कापडावरून अंगठा आणि बोट फिरवत होते, हळूहळू, गाठ कुठे लागते का बघत. अक्का बोलत होती. तिचं ते भाषण लांब आहे. ते संपेपर्यंत त्यांनी बोटं काढली नाहीत.

मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"सरी," अप्पा म्हणाले.